साडेपाचचा वस्तरा

आमच्या घरी वर्षभर रोज संध्याकाळी साडेपाचला एक वस्तरा जमा व्हायचा. सोबत कैच्या दोन, केस कापायचं मशीन एक, नखं काढायची नराणी एक. मी ते सगळं मोजून घ्यायची, मोठ्यानं "बरोबर" म्हणायची आणि धोकटी गुंडाळून स्वयंपाकघरात पोह्यांच्या डब्याशेजारी ठेवायची. सकाळी साडेसातला पुन्हा मोजून परत द्यायची. धोकटीचा मालक खुनाची शिक्षा भोगून आलेला होता. हे कळल्यावर माझी आई सहा महिने आमच्याकडे पोहे खायला आली नाही.

सगळी माझ्या तापट डोक्याची कमाई. सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या धरमपेठेतल्या महिला मंडळात सरकारी खात्यातले एक अधिकारी बोलायला आले होते. तुरुंगातून सुटलेल्या माणसाला बाहेर आल्यावर कुणी ओळखीचं नसतं, येताजाता विचारपूस करणारं एखादं घर मिळालं तरी पुष्कळ होतं, असं त्यांचं म्हणणं. बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, कोण तयार आहे? सगळ्या बायकांनी माना खाली घातल्या. मीसुद्धा मान खाली घालून साडीचा काठ बघत होते, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात आमच्या अध्यक्षीणबाई त्यांना म्हणाल्या, "आमच्या बायकांना हे जमायचं नाही हो. यांना उखाणे घ्यायला सांगा, बघा कशा पुढे येतात." झालं! माझा हात वर गेला. कुणाला मदत करायची म्हणून नाही, अध्यक्षीणबाईंचं तोंड बघायचं म्हणून.

घरी येऊन यांना सांगितलं. यांनी वर्तमानपत्र खाली केलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वर केलं. माझा स्वभाव भिवापुरी मिरचीचा, असं यांचं जुनं मत आहे.

पुढच्याच आठवड्यात ते अधिकारी त्याला घेऊन आले. खुनी माणूस म्हणजे सहा फूट उंच, मिशीला पीळ, डोळे लाल, असं मी मनात धरून बसलेली. फाटकाशी उभा होता माझ्या खांद्याला लागणारा, मोठाल्या कानांचा, पन्नाशीतला एक किडकिडीत माणूस. चपला बाहेर काढून आत आला आणि रिकामी खुर्ची सोडून भिंतीशी जाऊन उभा राहिला.

"बसा ना," मी म्हटलं.

"खून केला होता जी मी," तो म्हणाला. "काठीनं. वस्तऱ्यानं नाई."

मला धीर यावा म्हणून त्यानं हे सांगितलं होतं!

माणूस नरखेडकडच्या एका खेड्यातला. जातीनं आणि कामानं न्हावी, आणि थोडंसं शेत. शेताच्या बांधावरून शेजाऱ्याशी जुंपली आणि हातातली काठी नको तिथे बसली. तेरा वर्षं आत काढली. तिथेही हेच काम केलं, सगळ्या कैद्यांच्या दाढ्या-कटिंगा. त्या भांडणाबद्दल त्यानं मला एकदाच सांगितलं, तेही दोन वाक्यांत. "राग आला होता जी. राग गेला, मानूसबी गेला." माझं डोकं किती वेळा फिरतं ते मला माहीत आहे. माझ्या हातात त्या वेळी लाटणं असतं, एवढाच काय तो फरक. त्या दिवशी मी वरणात दोनदा मीठ टाकलं.

"तुम्हाला काय हवंय?" मी विचारलं. मंडळानं सांगितलं होतं, आधी गरज विचारायची. मला वाटलं, कपडे म्हणेल, खोली म्हणेल.

"नातवाचं जावळ काढाचं हाय जी."

त्याला एकच मुलगी. तो आत गेला तेव्हा चार वर्षांची. पुढे तीनच वर्षांत बायको वारली, मुलीला तिच्या मामानं वाढवलं आणि लग्नही लावून दिलं. आता तिला सातवा महिना होता. त्यांच्या घराण्यात मुलीच्या पहिल्या मुलाचं जावळ मुलीच्या बापानं काढायची रीत. त्याच्या मुलीचं त्याच्या सासऱ्यानं काढलं होतं.

"मुलगी हो म्हणाली का?"

"पोरगी बोलतच नाई जी माह्यासंगं." आणि मग भिंतीकडे बघत म्हणाला, "पन इथं चार लोकांनी माह्या हाती मान देली, तं तीबी पोराचं डोकं देईल. नाई का?"

म्हटलं, बघू.

राहायला खात्यानं एक खोली दिली होती, आणि कोपऱ्यावरच्या कडुलिंबाखाली त्याचं दुकान थाटलं. दुकान म्हणजे आमच्या जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची आणि माझा आरसा. पहिल्या दिवशी गिऱ्हाईक शून्य. बरोबर साडेपाचला फाटक वाजलं. बघते तर हा. धोकटी उघडून माझ्यापुढे धरलेली, वस्तरा वर.

माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून हे आंघोळ अर्धवट सोडून बाहेर आले.

"वस्तरा एक, कैच्या दोन, मशीन एक, नराणी एक," तो खाली मान घालून म्हणाला. "मोजून घ्या जी."

तेरा वर्षं रोज सकाळी हत्यारं मोजून मिळायची आणि संध्याकाळी साडेपाचला मोजून परत जायची. जमादारानं मोठ्यानं "बरोबर" म्हटलं की मग बराकीत जायचं. मी म्हटलं, "अहो, आता तुमची आहेत ती. ठेवा आपल्या खोलीवर." तो हलेना. म्हटलं, "बरं, ठेवा त्या ओट्यावर." ठेवली, तरी हलेना. शेवटी यांनीच पंचा सावरत ओरडून सांगितलं, "अगं, बरोबर म्हण!" म्हटलं. गडी निमूट चालता झाला.

काही दिवसांनी मी त्याला विचारलं, हे काहून करता म्हणून. तो म्हणाला, "दिवसा वस्तरा माह्या हाती असला तं मले भेव नाई वाटत, काम असते. खोलीत मी एकटा अन् वस्तरा एकटा, तं झोप येत नाई. राग कवा येईल, मानसाले काय मालूम." मग मी पुन्हा विचारलं नाही. पोह्यांचा डबा थोडा सरकवून धोकटीला कायमची जागा केली.

गिऱ्हाईक मात्र येईना. येणार कसं? कुणी पेन्शनर थांबून सहज विचारायचा, नवीन दिसता, कुठून आलात? की हा हातातला साबण खाली ठेवून सांगायचा, "जेलातून जी. खून केला होता. काठीनं. वस्तऱ्यानं नाई." पेन्शनर घड्याळात बघायचा आणि वाट धरायचा. मी डोक्याला हात लावला. म्हटलं, "हे सगळं सांगायची काय गरज आहे?"

"इचारलं तं खोटं कसं सांगू, बाई?"

"नुसतं नरखेडहून आलो म्हणा!"

"मधात तेरा वर्सं जेल हाय ना जी."

दोन महिने हा असाच खुर्चीला फडका मारत बसलेला. त्यातच गावाकडून निरोप आला, मुलीला मुलगा झाला. त्यानं मला सांगितलं आणि रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मला अस्सा संताप आला! कुणाचा ते सांगता येणार नाही. घरी आले आणि यांना म्हटलं, "उद्या रविवार. तुम्ही दाढी घरी करायची नाही."

यांचा चेहरा पांढरा पडला. खरं तर हे रोज आपल्या हातानं ब्लेडनं दाढी करायचे आणि रोज दोन ठिकाणी कापून घ्यायचे, हनुवटीला कागदाचे तुकडे चिकटवून ऑफिसला जायचे. पण तो वेगळा धोका, घरचा! हे म्हणाले, "तू हात वर केलास मंडळात, आणि मान माझी?" मी म्हटलं, "मला दाढी असती तर तुम्हाला विचारलं असतं का?"

रविवारी सकाळी नऊला, सगळी धरमपेठ भाजी आणायला निघालेली असताना, मी यांना त्या खुर्चीत बसवलं. भाजीची पिशवी घेऊन बाजूला उभी राहिले, म्हणजे पळाले तर धरता येतील. त्यानं कोमट पाणी लावलं. लावलं म्हणजे किती वेळ! बोटांनी गाल चोळतोय, हनुवटी चोळतोय, घाईच नाही. मग वस्तरा पट्ट्यावर दोनदा फिरवला आणि यांच्या गळ्याला लावला. रस्त्यात माणसं थबकली. एका बाईच्या पिशवीतली वांगी खाली सांडली, तिनं उचलली नाहीत.

आणि हे घोरायला लागले.

देवाशपथ! खुनी माणसाचा वस्तरा गळ्यावर आणि आमचे हे तोंड उघडं टाकून, मान मागे टाकून, पंचक्रोशीला ऐकू जाईल असे घोरतायत. मला इतकी लाज वाटली की मी पिशवी तोंडापुढे धरली. पण त्या घोरण्यानं जे काम केलं ते माझ्या दहा भाषणांनी झालं नसतं. लोक हसले. एकजण म्हणाला, "झोप लागते म्हणजे हात हलका दिसतो." तो स्वतःच पुढचा बसला. त्याच्यामागे दोघं उभे राहिले.

दिवाळीपर्यंत लिंबाखाली रांग लागू लागली. "काठीनं, वस्तऱ्यानं नाई" हे आता पोरंटोरंही म्हणायची, आणि तो ऐकून नुसती मान हलवायचा. साडेपाच मात्र सुटले नाहीत. एकदा आमच्या भागातले एक हेडमास्तर, मोठे करड्या शिस्तीचे गृहस्थ, पाच वीसला खुर्चीत बसले. डावा गाल झाला, साडेपाच वाजले. यानं वस्तरा पुसला, धोकटी गुंडाळली आणि निघाला. मी दार उघडते तर पुढे हा, आणि मागे उजव्या गालाला साबण फासलेले हेडमास्तर.

"हा काय प्रकार आहे?" हेडमास्तर गरजले.

"वस्तरा एक," हा म्हणाला.

मी "बरोबर" म्हटलं, लगेच धोकटी उघडून त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "सकाळ झाली. घ्या." त्यानं जरा विचार केला. मग आमच्या अंगणातच उजवा गाल पूर्ण केला आणि वस्तरा पुन्हा जमा केला. हेडमास्तर त्याला म्हणाले, "माझ्या शाळेत तुमच्यासारखा वेळ पाळणारा एकही मास्तर नाही." त्यानंतर ते दर रविवारी सकाळीच यायचे.

हसण्यासारखं पुष्कळ होतं. पण एक सकाळ तशी नव्हती. यांनी रविवारच्या अंकातलं शब्दकोडं कापायला धोकटीतली एक कैची घेतली आणि ठेवायची विसरले. मी सकाळी धोकटी दिली, तो मोजायला लागला. वस्तरा एक, कैची एक. थांबला. पुन्हा पाहिलं. त्यानं टोपी काढून खाली ठेवली, सदऱ्याची बटणं सोडली, भिंतीकडे तोंड केलं आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला. झडतीसाठी. आत एखादं हत्यार कमी भरलं की सगळ्यांना तसं उभं करायचे.

"अहो, हात खाली करा!" मी ओरडले. हात खाली येईनात. ऐकूच येत नव्हतं त्याला. मग मी यांच्यावर जी काही तोफ डागली ती शेजारच्या चार घरांनी ऐकली. हे एका हातात कैची आणि दुसऱ्या हातात अर्धं शब्दकोडं घेऊन धावत आले, त्याच्या समोर गेले आणि हात जोडून म्हणाले, "चुकलं माझं. मी घेतली होती." तेव्हा कुठे हात खाली आले. मी आत जाऊन रडले. यांना शब्दकोडं त्यानंतर मी कधी कापू दिलं नाही, सरळ अख्खा अंक ठेवा म्हटलं.

आणि ज्यासाठी हे सगळं चाललं होतं ते जिथल्या तिथेच. त्याच्या सांगण्यावरून मी मुलीला चार पत्रं लिहिली. उत्तर नाही. तो रोज धोकटी देताना विचारायचा नाही, नुसता माझ्या तोंडाकडे बघायचा. मूल दहा महिन्यांचं झालं. वर्षाच्या आत जावळ काढायचं असतं. एका सकाळी माझं डोकं पुन्हा फिरलं आणि मी नरखेडची एसटी पकडली.

मुलीचं घर संत्र्याच्या बागांच्या अलीकडे, गावाच्या तोंडाशी. अंगणात ती कडेवर मूल घेऊन उभी. विचारायची गरजच पडली नाही. तेच मोठाले कान, तिचेही आणि पोराचेही. पोराचं जावळ कानांवर लोळत होतं.

"पत्रं मिळाली का गं?"

"मिळाली."

"मग?"

"मंग काय?"

बसमध्ये मी मोठं भाषण जुळवून ठेवलं होतं. क्षमा, माणुसकी, सगळं त्यात होतं. तोंड उघडलं तेवढ्यात ती म्हणाली, "तुमाले चांगलं काम कराचं राहते, बाई. मले पोरगं सांभाळाचं राहते." भाषण तिथेच संपलं.

मग तीच बोलत राहिली. "माय मेली तवा मी सात वर्साची होती. खुन्याची पोट्टी म्हनत मले. शाळेत संगं कोनी बसे नाई. अन् आता मी माह्या लेकराच्या टाळूवर त्याच्याच हातानं वस्तरा फिरवू? काहून?"

तिचं एकही अक्षर खोटं नव्हतं. मी बाजेवर बसले, पाणी प्याले आणि काहीतरी बोलायचं म्हणून तिला साडेपाचची गोष्ट सांगितली. पोह्यांचा डबा, हेडमास्तरांचा गाल. ती हसली नाही. मग कैचीचंही सांगितलं. वर केलेल्या हातांचं.

तिनं पोराचे केस कानामागे सारले.

"अजूनबी देते वस्तरा? रोज?"

"रोज."

"तुमी संगं या," ती शेवटी म्हणाली. "वस्तरा तुमच्याजवळ राहू द्या. त्या घडीले त्याच्या हाती द्या, अन् काम झालं का लगेच वापस घ्या."

मी कबूल केलं.

ही अट मी परत आल्यावर त्याला सांगितली. तो म्हणाला, "बरोबर हाय तिचं," आणि फडक्यानं खुर्ची पुसायला लागला. पुसलेलीच खुर्ची पुन्हा पुसली.

फाल्गुनात आम्ही दोघं बसनं निघालो. धोकटी माझ्या मांडीवर. मी त्याला बजावलं होतं, बसमध्ये कुणी काही विचारलं तर तोंड उघडायचं नाही. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलंच, कुठं जाऊन राहिले गा? हा म्हणाला, "नातवाकडे." पुढे काठी नाही, वस्तरा नाही. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

अंगणात पाट मांडलेला. मुलीच्या मामेभावाच्या मांडीवर पोर बसवलं, मामाच्या नात्यानं. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी धोकटी उघडून वस्तरा त्याच्या हातात ठेवला. तेवढ्यात पोरानं भोकाड पसरलं. यानं वस्तरा मिटून कमरेला खोचला आणि कोमट पाणी घेतलं. तसंच, घाई नाही. बोटांनी टाळू भिजवतोय, कानामागे भिजवतोय, ओठांनी काहीतरी चिवचिव आवाज काढतोय. पोर हळूहळू गप्प झालं, डोळे जड झाले. मला यांचं घोरणं आठवलं. मग वस्तरा फिरू लागला. मुलगी एक पाऊल पुढे आली होती, तिची मूठ पदरात आवळलेली. केस पोराच्या आत्यानं अलगद ओंजळीत झेलले. एक ओरखडा नाही, लालीसुद्धा नाही. पोराचं डोकं गोल गरगरीत निघालं आणि कान आणखीच मोठे दिसायला लागले.

काम झालं. त्यानं वस्तरा धुतला, पुसला, मिटला आणि सवयीनं माझ्यापुढे धरला. "वस्तरा एक."

मी शब्द दिला होता. हात पुढे केला.

"ठेवा तिकडं फळीवर," मुलगी म्हणाली. "अन् याले घ्या. मले पंगतीचं पाहाचं हाय."

त्याला कळलंच नाही. तो तसाच वस्तरा पुढे करून उभा.

"बाबा," ती जराशी वैतागून म्हणाली, "फळीवर ठेवा म्हनलं ना मी? उंच ठेवा, पोट्ट्याचा हात पोचते."

तो एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत फळीपर्यंत गेला. टाचा उंचावून वस्तरा वर ठेवला. वळला तेव्हा दोन्ही हात रिकामे होते. तिनं त्या हातांत पोर दिलं आणि चुलीकडे निघून गेली. जेवणं होईपर्यंत त्यानं ते खाली ठेवलं नाही. पाटवडीचा रस्सा झणझणीत होता, त्यामुळे माझ्या डोळ्यांतल्या पाण्याचं कुणाला काही वाटलं नाही.

परतीच्या बसमध्ये मी घड्याळ पाहिलं, साडेपाच. सवय माझीही झालेली. धोकटी त्याच्यापुढे धरून म्हटलं, "मोजा."

"कैच्या दोन," तो म्हणाला. "मशीन एक. नराणी एक."

थांबला. मला वाटलं, आता हा भर बसमध्ये हात वर करून उभा राहतो.

"वस्तरा फळीवर राहिला जी," तो म्हणाला.

"अगं बाई! अहो, मग बस थांबवू या! उद्या गिऱ्हाईकांचं काय?"

"उद्या नुसत्या कटिंगा करतो." त्यानं धोकटी गुंडाळली, आणि माझ्याकडे दिली नाही, स्वतःच्याच मांडीवर ठेवली. "पोट्ट्याचे केस लवकर वाढतात, बाई. वस्तरा घ्याले मले जावंच लागते."

तो माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होता. मी घसा खाकरला आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हटलं, "बरोबर."